मानाची गाडी किती लांब असावी?

बाहेर ५० अंशांचं ऊन असावं, गाडी दिवसभर ताशी ३०० किलोमीटरनं पळत राहावी आणि आत मात्र २२ अंशांचा गारवा टिकावा. फोक्सवॅगनचे त्या वेळचे सर्वेसर्वा फर्डिनांड पिएख यांनी आपल्या अभियंत्यांना घातलेल्या अटींपैकी ही एक. ती गाडी प्रत्यक्ष बाजारात आली तेव्हा तिचा वेग इलेक्ट्रॉनिक लगाम घालून ताशी २५० वरच रोखलेला होता. म्हणजे ज्या वेगासाठी एवढी यातायात केली, तो गिऱ्हाइकाला कधी मिळणारच नव्हता. पिएख यांना त्याची फिकीर नव्हती. आजोबा फर्डिनांड पोर्शे यांनी ‘बीटल’ घडवली होती, ती सामान्य माणसाची गाडी. नातवाला त्याच बिल्ल्याखाली मर्सिडीजच्या एस-क्लासला खेटणारी गाडी उभी करायची होती. तिचं नाव ‘फेटन’. लांबी पाच मीटरांहून जास्त, इंजिन हवं तर बारा सिलिंडरचं.

तिच्यासाठी कारखानाही साधा नव्हता. ड्रेस्डेन शहरात, ग्रोसर गार्टन या मोठ्या बागेच्या कडेला, संपूर्ण काचेची इमारत उभी राहिली. डिसेंबर २००१ मध्ये ती सुरू झाली. तिची फरशी मेपलच्या लाकडाची, आणि कामगार पांढऱ्या कपड्यांत. भर शहरातून मालाचे ट्रक जायला नकोत म्हणून सुटे भाग निळ्या मालवाहू ट्राममधून यायचे. २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बे नदीला महापूर आला, ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहात पाणी शिरलं, तेव्हा ‘कारमेन’चे प्रयोग चक्क या कारखान्यात झाले. मोटारीच्या कारखान्यात ऑपेरा शोभून दिसला, यावरून इमारतीचा थाट लक्षात यावा.

अपेक्षा होती वर्षाला वीस हजार गाड्यांची. २०१६ मध्ये उत्पादन थांबलं तोवर सगळ्या मिळून ८४,२३५ गाड्या बनल्या होत्या. अमेरिकेतून तर फोक्सवॅगननं २००६ मध्येच तिला मागे घेतलं. बर्नस्टाइन रिसर्च या संस्थेनं २०१३ मध्ये हिशेब मांडला, त्यानुसार प्रत्येक फेटनमागे कंपनीला सुमारे २८ हजार युरोंचा खड्डा पडत होता.

गाडी वाईट होती म्हणून हे झालं असतं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. गाडी उत्तम होती. एसीच्या झडपांवर लाकडी पट्ट्या होत्या आणि त्या मोटरवर अलगद उघडायच्या. वाऱ्याचा झोत अंगावर न येता गारवा पसरावा अशी चार प्रवाशांसाठी चार निराळी व्यवस्था होती. डिकीच्या बिजागऱ्यासुद्धा दागिन्यासारख्या घासलेल्या. हाच सांगाडा आणि हेच बारा सिलिंडरचं इंजिन घेऊन २००३ मध्ये बेंटलेची ‘कॉन्टिनेंटल जीटी’ आली आणि वर्षाला हजारभर गाड्या विकणारी बेंटले चारच वर्षांत दहा हजारांच्या घरात गेली. अभियंते त्याच समूहाचे, मूळ काम तेच. बदलला तो बिल्ला आणि कमी झाले ते मागचे दोन दरवाजे. मोठी गाडी काढली की ती आपोआप घराण्याची मानाची गाडी होते, असं पिएख यांनी गृहीत धरलं होतं. लोकांनी मात्र फोक्सवॅगनची मानाची गाडी १९७४ मध्येच ठरवून टाकली होती. ती गोल्फ.

पुणेकराला हे कळायला ड्रेस्डेनला जावं लागत नाही. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचा. मूर्ती लहानशी. दगडूशेठच्या गणपतीपुढची गर्दी, रोषणाई आणि दागिने यांच्यापुढे ती नजरेतही भरू नये, पण दगडूशेठ मानाच्या पाचांत नाही आणि त्यावरून कोणी भांडतही नाही. मान कुठे आणि डोलारा कुठे, हे गाव आपलं आपण ठरवतं.

चाकणलाही याची छोटी आवृत्ती घडून गेली. फोक्सवॅगनचा तिथला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि त्यातून पोलो बाहेर पडू लागली. पुढे फेटनही आयात होऊन भारतातल्या शोरूममध्ये आली. आज ती कोणाला आठवत नाही. २०२२ मध्ये पोलो बंद झाली तेव्हा मात्र तिच्या मालकांनी जवळचं माणूस गेल्यासारखा शोक केला, आणि जुन्या पोलोला सेकंडहँड बाजारात अजून मागणी आहे.

जपानी लोक या बाबतीत जास्त सावध निघाले. १९८३ मध्ये टोयोटाचे एइजी तोयोदा यांनी जगातल्या उत्तमोत्तम गाडीला तोडीस तोड गाडी करण्याचा विषय काढला. सुमारे साडेचारशे नमुने बनवून झाल्यावर १९८९ मध्ये जी गाडी आली, ती टोयोटा या नावानं अमेरिकेत विकलीच नाही. तिच्यासाठी ‘लेक्सस’ हे वेगळं घर बांधलं. एलएस ४०० ही त्या घरातली सर्वांत मोठी गाडी होती आणि मानाचीही, कारण तिच्याआधी त्या घरात कोणी राहतच नव्हतं. टोयोटाची ‘सेंच्युरी’ ही याहून थोर गाडी १९६७ पासून होतीच. जपानचं राजघराणं, मंत्री आणि मोठे उद्योगपती ती वापरतात. ती मुख्यतः जपानपुरतीच राहिली. जगातल्या कोणत्याही गावात टोयोटा म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांसमोर कोरोला येते, फार तर लँड क्रूझर.

पण या विषयातली सर्वांत रंगतदार कहाणी पोर्शेची आहे, आणि तिच्यात मोठी गाडी धाकटीला गिळायला निघाली होती.

पोर्शे ९११ हे मॉडेल १९६३ मध्ये फ्रँकफर्टला दाखवलं गेलं. तेव्हा त्याचा आकडा ९०१ होता, पण मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक फ्रान्समध्ये प्यूजोच्या नावावर होते, म्हणून तो ९११ झाला. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. शास्त्रानुसार ही रचना अडचणीचीच, कारण वळणावर शेपूट सुटायची भीती. सत्तरच्या दशकात कंपनीचे प्रमुख अर्न्स्ट फुर्मान यांना वाटलं, हे आता पुरे. अमेरिकेचे प्रदूषणाचे आणि सुरक्षेचे नियम कडक होत होते, मागच्या इंजिनाचं आयुष्य संपत आलंय असा हिशेब होता. म्हणून १९७७ मध्ये ९२८ आली. इंजिन पुढे, आठ सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं. लांबी, रुंदी, वजन, किंमत, आराम, सगळंच ९११ पेक्षा जास्त. १९७८ ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’ तीच ठरली. आजतागायत हा मान मिळवणारी ती एकमेव स्पोर्ट्स कार.

९११ बंद करायचं ठरलेलं होतं. १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलेला किस्सा असा: तांत्रिक प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. ९२८ आणि ९४४ यांच्या रेघा पुढच्या वर्षांमध्ये शिरत होत्या, ९११ ची रेघ १९८१ च्या अखेरीस थांबत होती. शुट्झ यांनी मार्कर उचलला, ती रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवरून थेट दारापर्यंत ओढत नेली. परत आले तेव्हा बॉट हसत होते. किस्सा सांगणाऱ्यानं त्याला थोडी फोडणी घातली असेलही, पण निकाल सर्वांसमोर आहे. ९२८ ची कारकीर्द १९९५ मध्ये सुमारे ६१ हजार गाड्यांवर संपली. ९११ ची दहा लाखावी गाडी २०१७ मध्ये तयार झाली.

यातली गोम पैशाची आहे. २०२४ मध्ये पोर्शेनं जगभरात सुमारे ३ लाख १० हजार गाड्या दिल्या. त्यांत कायेन एक लाखाहून जास्त, ९११ जेमतेम ५१ हजार. कायेन आणि पानामेरा या दोन्ही ९११ पेक्षा लांब, उंच, जड. कारखान्याची चूल कायेन आणि माकान यांच्यावर पेटते, पण कायेन घेणारा माणूस ज्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजतो ते नाव ९११ नं कमावलेलं आहे. तिचं इंजिन ठरल्या जागेवरून हललेलं नाही. अडचणीची रचना साठ वर्षं सुधारत राहायचं, हाच त्या कंपनीनं स्वतःला घालून दिलेला अभ्यास आहे. माझ्या लेखी मानाची गाडी, म्हणजे फ्लॅगशिप, ओळखायची खूण हीच: कंपनी आपलं सर्वांत अवघड काम ज्या गाडीवर पणाला लावते आणि जिचं अपयश दुसऱ्या कुठल्या गाडीच्या गळ्यात टाकता येत नाही, ती गाडी. मग ती साडेचार मीटरांची का असेना.

आता दुसरी बाजू. मोठ्या गाडीच्या बाजूनं सर्वांत भक्कम साक्ष मर्सिडीजची एस-क्लास देते, आणि ती साक्ष खोडून काढणं सोपं नाही.

या मालिकेला एस-क्लास हे अधिकृत नाव १९७२ मध्ये मिळालं. १९७८ मध्ये बॉशची एबीएस याच गाडीत आली. चालकासाठी एअरबॅग १९८१ च्या सुमारास पुढच्या पिढीत आली. ब्रेक दाबताना आणि घसरताना प्रत्येक चाक वेगळं आवरून गाडी सरळ ठेवणारी ईएसपी १९९५ मध्ये एस-क्लासच्या कूपेत आली. हे सगळं मोठ्याच गाडीत आधी का आलं, याला कारणं होती. त्या काळातला इलेक्ट्रॉनिक सरंजाम जड होता, जागा खायचा आणि वीज ओढायचा. शिवाय तो भयंकर महाग होता. लाख मार्कांच्या गाडीत तीन हजारांचा डबा खपून जातो, पंधरा हजारांच्या गाडीत त्यानं गिऱ्हाईक पळतं. लांब व्हीलबेसवर गाडी खड्ड्यांना कमी डोलते, त्यामुळे सस्पेन्शनचे नाजूक प्रयोग तिथेच उठून दिसतात. श्रीमंताच्या गाडीत आधी प्रयोग करायचा, दहा वर्षांनी तो मध्यमवर्गाच्या पदरात टाकायचा, असा हा शिरस्ता.

तो शिरस्ता मोडला १९९७ मध्ये, तोही उलट्या टोकानं. पण त्याआधी डब्ल्यू १४० बद्दल बोललं पाहिजे.

१९९१ ची ही एस-क्लास म्हणजे मोठेपणाचा कळस. लांब आवृत्ती ५.२१ मीटरांची, काचा दुहेरी, बारा सिलिंडरचं मॉडेल दोन टनांहून जड. मागे घेताना गाडीचा शेवट कुठे आहे हे चालकाला दिसेना, म्हणून रिव्हर्स टाकला की मागच्या दोन कोपऱ्यांतून अँटेनासारख्या दोन काड्या वर यायच्या. एवढी अक्कल खर्चून केलेली ही काड्यांची सोय मला त्या गाडीतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. उत्तर जर्मनीत सिल्ट नावाचं बेट आहे, श्रीमंतांचं सुट्टीचं ठिकाण. तिथे जायला मोटारी रेल्वेवर चढवतात. नवी एस-क्लास त्या रेल्वेच्या डब्यासाठी रुंद ठरली. म्हणजे जिथे मिरवायचं तिथेच ती नेता येईना. वर्तमानपत्रांनी यथेच्छ थट्टा केली. खर्च अंदाजाबाहेर गेला होता, जर्मनीत एकीकरणानंतरची मंदी आणि पर्यावरणाची चर्चा एकाच वेळी सुरू होती. पुढची एस-क्लास १९९८ मध्ये आली, ती आधीच्यापेक्षा आखूड आणि हलकी होती. खुद्द मर्सिडीजनं आपल्या मानाच्या गाडीची मापं कमी केली.

आणि मग तो १९९७ चा ऑक्टोबर. मर्सिडीजनं आपली सर्वांत छोटी गाडी, साडेतीन मीटरांची ए-क्लास, नुकतीच काढली होती. स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या नियतकालिकानं तिला अचानक आडवं आलेलं जनावर चुकवण्याच्या चाचणीतून नेलं आणि ती उलटली. स्वीडनच्या रस्त्यांवर एल्क नावाचं मोठं हरीण आडवं येतं, त्यावरून ही चाचणी. आधी कंपनीनं हात झटकले. मग विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी बसवून दिली. १९९५ मध्ये फक्त बड्या कूपेच्या मालकाला मिळणारी वस्तू १९९८ मध्ये घराण्यातल्या सर्वांत स्वस्त गाडीत आली. एकदा एवढ्या मोठ्या संख्येनं ती बनू लागल्यावर तिची किंमत उतरली आणि इतर कंपन्यांच्या छोट्या गाड्यांनाही ती परवडू लागली. पुढे युरोपीय महासंघानं २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीला ती सक्तीची केली. एस-क्लासनं ईएसपी जन्माला घातली खरी, पण ती घराघरांत नेली उलटलेल्या ए-क्लासनं.

अमेरिकेत तर एका कंपनीनं सरळ उलटा डाव खेळून पाहिला होता. १९७३ चं तेलसंकट येऊन गेलं होतं, कॅडिलॅकच्या गाड्या जवळजवळ सहा मीटरांच्या झाल्या होत्या आणि गिऱ्हाईक मर्सिडीजकडे वळू लागलं होतं. १९७५ मध्ये कॅडिलॅकनं ‘सेव्हिल’ काढली. ती कंपनीच्या नेहमीच्या मोठ्या सेडानपेक्षा दोन फुटांहून जास्त आखूड होती, आणि लिमोझिन सोडली तर कंपनीच्या यादीत सर्वांत महाग. अमेरिकन गिऱ्हाइकाला हे पचेल का, अशी शंका होती. पचलं. गाडी चांगली खपली. त्या यशानं हुरळून कंपनीनं १९८१ मध्ये ‘सिमरॉन’ नावाची आणखी छोटी गाडी आणली. ती मुळात शेव्हरोलेची स्वस्त ‘कॅव्हेलियर’, वर चामड्याची आसनं आणि कॅडिलॅकचा बिल्ला. लोकांनी ते लगेच ओळखलं आणि कॅडिलॅकची अब्रू त्या गाडीनं जेवढी घालवली तेवढी कुठल्याच गाडीनं घालवली नसेल. तेव्हा आखूड असण्यातही काही पुण्य नाही. सेव्हिलचा मूळ सांगाडाही एका साध्या शेव्हरोलेचाच होता, पण तिच्यावर काम झालं होतं.

आपल्याकडे या सगळ्याला वेगळं वळण मिळतं, कारण आपल्याकडे गाडीची लांबी टेपनं मोजून सरकार कर लावतं.

२००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे चार मीटरांच्या आतली. इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून भारतीय गाड्यांच्या शेपट्या छाटल्या जाऊ लागल्या. टाटांनी २००८ मध्ये ‘इंडिगो’ची डिकी कापून ३.९८८ मीटरांची ‘इंडिगो सीएस’ काढली, आणि मग मागून कुऱ्हाड मारल्यासारख्या दिसणाऱ्या सेडानची रांगच लागली. जीएसटी आला, त्यावर सेस आला, मोठ्या एसयूव्हीवरचा एकूण कर ५० टक्क्यांपर्यंत गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के आणि बाकीच्यांवर सरसकट ४० टक्के अशी नवी विभागणी आहे. कराआधी १५ लाखांची असलेली गाडी चार मीटरांच्या आत, छोट्या इंजिनाची असेल तर १७ लाख ७० हजारांना पडते, एका बोटानं लांब असेल तर २१ लाखांना. ‘ऑन रोड कितीला पडली?’ या आपल्या राष्ट्रीय प्रश्नाचं उत्तर त्या बोटात दडलेलं असतं. साहजिकच, चार मीटरांपलीकडची गाडी म्हणजे जास्त कर भरू शकणाऱ्या माणसाची गाडी, असं समीकरण पक्कं झालं.

दुसरं कारण मागच्या सीटचं. जर्मनीत एवढ्या महागाची गाडीही बहुधा मालक स्वतः चालवतो. आपल्याकडे मालक मागे डावीकडे बसतो. मर्सिडीज चाकणला ई-क्लास जुळवते ती लांब व्हीलबेसची, २०१७ पासून, आणि भारतातली तिची सर्वाधिक खपाची गाडी तीच आहे. वाढवलेली लांबी सगळी मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे जाते. अशा गिऱ्हाइकाला स्टिअरिंगचा नेमकेपणा, वळणावरचा तोल यांच्याशी काय कर्तव्य? त्याला पाय पसरायचे असतात आणि शक्य तर थोडी झोप काढायची असते. मागच्या सीटचा मालक जिथे गिऱ्हाईक आहे, तिथे फ्लॅगशिप लांबच असणार, आणि त्यात काही चूक नाही. आपल्या तालुक्यांच्या राजकारणात पांढरी फॉर्च्युनर हे उमेदवारीचं अर्धं पत्रक असतं, त्यामागेही हेच उंच-रुंद शास्त्र आहे. टोयोटाची ती सर्वांत मोठी गाडी नाही, पण कार्यकर्त्यांच्या लेखी तिच्यावर दुसरी गाडीच नाही.

तरीही आपल्याच कंपन्यांचा अनुभव लांबीच्या बाजूनं फारसा बोलत नाही.

महिंद्रनं २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अल्टुरास जी ४’ आणली. लांबी ४.८५ मीटर, किंमत २६ लाख ९५ हजारांपासून पुढे. ती मुळात महिंद्रच्या ताब्यातल्या कोरियन सॅंगयाँग कंपनीची ‘रेक्स्टन’. सुटे भाग यायचे आणि चाकणला गाडी जुळवली जायची. महिंद्रच्या यादीतली ती सर्वांत मोठी आणि सर्वांत महाग. गाडीत नाव ठेवायला जागा नव्हती, मजबूत होती, आरामशीर होती. पण तिच्यात महिंद्रनं स्वतः सोडवलेला एकही प्रश्न नव्हता. २०२२ मध्ये सॅंगयाँग हातची गेली आणि अल्टुरासही गेली. फारसं कोणी विचारलं नाही.

त्याच काळात, २ ऑक्टोबर २०२० ला, नाशिकमध्ये तयार होणारी नवी ‘थार’ आली. ३.९८५ मीटर लांब, दरवाजे दोन, मागच्या सीटवर चढताना अंग आखडून घ्यावं लागतं. इंजिन मोठं असल्यानं छोट्या गाडीची करसवलतही सुरुवातीला तिला नव्हती. किंमत ९ लाख ८० हजारांपासून. पहिली थार कंपनीनं मदतनिधीसाठी लिलावात काढली, तिला १ कोटी ११ लाख रुपये आले. कंपनीच्या सर्वांत मोठ्या गाडीच्या जवळपास चौपट. लोक महिनोन्‌महिने थांबायला तयार होते. १९४० च्या दशकात मुंबईत विलिस जीप जुळवण्यापासून सुरू झालेलं जे काम ही कंपनी खरोखर करत आली, ते त्या गाडीत होतं.

टाटांची गोष्ट मला याहून बोलकी वाटते, कारण तिथे प्रश्न हौसेचा नव्हता. २०१० मध्ये त्यांनी ‘आरिया’ काढली. ४.७८ मीटर, तीन रांगा, किंमत जवळपास १३ लाखांपासून, म्हणजे इंडिकावाल्या कंपनीनं एकदम वरच्या मजल्यावर मारलेली उडी. गाडी पडून राहिली. टॅक्सीवाल्यांची कंपनी हा शिक्का लांबीनं पुसला गेला नाही. तो पुसायला सुरुवात केली रांजणगावला बनणाऱ्या ‘नेक्सॉन’नं. ही चार मीटरांच्या आतली. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनसीएपीच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी ठरली. त्यानंतर गिऱ्हाईक शोरूममध्ये ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ विचारून झाल्यावर ‘स्टार किती?’ हेही विचारू लागलं. मग अल्ट्रॉझ आली, पंच आली, दोन्ही छोट्या, दोन्हींना पाच तारे. कंपनीच्या सर्वांत मोठ्या गाड्या, हॅरियर आणि सफारी, यांच्या नावापुढे हे तारे २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये लागले. ‘टाटाची गाडी मजबूत’ ही आज जी ख्याती आहे, ती खालून वर गेली आहे.

आता तर मोठ्याच गाडीत आधी प्रयोग करायचं जुनं कारणही ढिलं पडत चाललं आहे. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूनं गोल मुठीवर चालणारी ‘आयड्राइव्ह’ आणली ती ७ सीरिजमध्ये, म्हणजे आपल्या सर्वांत बड्या सेडानमध्ये. २०२५ मध्ये त्याच कंपनीनं विजेच्या गाड्यांची नवी पिढी, नवे संगणक आणि काचेच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला नवा पडदा आणला, तो ‘आयएक्स ३’ या मधल्या एसयूव्हीत. ७ सीरिजला तो नंतर. मर्सिडीजनं आपली नवी संगणक प्रणाली आधी ‘सीएलए’मध्ये दिली, एस-क्लासमध्ये नव्हे. कारण आता खर्च डब्यात नाही, सॉफ्टवेअर लिहिण्यात आहे, आणि तो भरून काढायला वर्षाला काही हजार नव्हे, काही लाख गाड्या लागतात. आपल्याकडेही महिंद्रनं रडार-कॅमेऱ्यांची मदतनीस यंत्रणा २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० मध्ये दिली आणि २०२४ मध्ये ती चार मीटरांच्या आतल्या ३ एक्सओत पोचली. दहा वर्षांचा शिरस्ता तीन वर्षांवर आला.

मोठ्या गाडीकडे आता उरतं ते शांतपण, पाय पसरायची जागा आणि दारात उभी असतानाचा रुबाब. त्यासाठीही माणसं पैसे देतात आणि देत राहतील. मला स्वतःला एस-क्लासच्या मागच्या सीटवर बसायला कोणी बोलावलं तर मी तत्त्वचर्चा करत बसणार नाही.

भारतात यापुढे गंमत विजेच्या गाड्यांमध्ये आहे. त्यांच्यावर जीएसटी पाच टक्के, लांबी कितीही असो. टेप पहिल्यांदाच बाजूला पडली. महिंद्रनं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच सांगाड्यावरच्या दोन गाड्या एकदम दाखवल्या. ४.७९ मीटरांची ‘एक्सईव्ही ९ ई’, आत तीन पडदे, किंमत जास्त, आणि ४.३७ मीटरांची ‘बीई ६’. बॅटऱ्या दोन्हींत त्याच. जुन्या हिशेबानं थोरली फ्लॅगशिप. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं धाकटीची काळी ‘बॅटमॅन’ आवृत्ती काढली, २७ लाख ७९ हजारांना. आधी तीनशेच देणार होते, मागणी पाहून ९९९ केल्या. बुकिंग उघडल्यावर त्या १३५ सेकंदांत संपल्या. चित्रपटातल्या वटवाघळाचा त्यात वाटा होताच, नाकारण्यात अर्थ नाही. पण चाकणच्याच कारखान्यातून, जवळपास त्याच किमतीत, तिच्यापेक्षा अर्ध्या मीटरनं लांब असलेली अल्टुरास चार वर्षं विकायला ठेवली होती.